तिच्या वाट्याचं तेल

“थांब, थांब! बाटलीला हात लावू नकोस!”

अर्गिरोचा हात हवेतच राहिला. शेगडीवर टोमॅटोचा रस्सा रटरटत होता, चिरलेली भेंडी ताटात वाट पाहत होती आणि नवरा चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

“आता काय झालं?”

“सकाळी वजन करायचं राहिलं.”

“माझं?”

“बाटलीचं गं.”

“मग ठीक आहे. मला वाटलं, आता मलाही काट्यावर चढवतोस.”

लाम्ब्रोसने ऑलिव्हच्या तेलाची बाटली दोन्ही हातांनी उचलली, छोट्या काट्यावर ठेवली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि एका बोटाने तो फोनमध्ये टिपला. रात्रीची जेवणं झाली की बाटली पुन्हा काट्यावर चढायची. सकाळच्या वजनातून रात्रीचं वजा केलं की दिवसाचं तेल निघायचं. त्यातून मरियामातेच्या तसबिरीपुढच्या दिव्याचं एक चमचा कमी करायचं, कारण देवाच्या आईचं तेल माणसाच्या नावावर लावणं बरं दिसत नाही. उरलेलं भागिले दोन. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. ही पद्धत त्याने स्वतःच्या डोक्याने शोधून काढली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

दुसरा उपाय तरी काय होता? कोशिंबीर टेबलाच्या मधोमध एकाच बशीत. ज्याने त्याने आपल्या बाजूने जेवणाचा काटा घालायचा आणि शेवटी तळाला साचलेल्या तेलात पाव बुडवून बशी लख्ख करायची. गावात सगळीकडे असंच जेवतात. एका बशीत दोन काटे असतात, हे फोनमधल्या त्या ॲपला कुठून कळणार? ते आपलं दर जेवणाला विचारायचं, तुम्ही किती खाल्लंत? लाम्ब्रोसने तीस वर्षं किपारिसिया ते कालामाता बस चालवली होती. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, एवढी शिस्त त्याच्या अंगात मुरलेली होती.

हे सगळं सुरू झालं फेब्रुवारीत. अंगणात लाकडं फोडता फोडता तो खाली बसला तो उठलाच नाही. कालामाताच्या इस्पितळात त्याच्या हृदयात दोन जाळीदार नळ्या बसवल्या, आणि घरी सोडताना त्याला देस्पिना नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीसमोर बसवलं. पात्रा शहरात राहणाऱ्या त्याच्या लेकीने, फोतिनीने, तिथल्या तिथे त्याच्या फोनवर ॲप घालून दिलं. पडद्यावर दोन पट्ट्या दिसत होत्या, एक लाल, एक हिरवी.

“लाम्ब्रोसकाका, नीट ऐका हं,” देस्पिना म्हणाली होती. “स्निग्ध पदार्थ दोन जातींचे. थंडीत गोठतात ते संपृक्त. डुकराची चरबी, लोणी, चीज. ती ही लाल पट्टी. इथे रेघ आहे ना, ती ओलांडायची नाही. आणि ऑलिव्हचं तेल, अक्रोड, बदाम, मासे, हे असंपृक्त. ही हिरवी पट्टी. हिची रेघ गाठायची.”

“गाठायची? म्हणजे तेल खायचं?”

“खायचंच. चीज आणि सॉसेज कमी करून त्यांच्या जागी खायचं. लोकांना वाटतं, आजारपण म्हणजे सगळंच बंद. ते दिवसभर उकडलेलं खातात आणि ही पट्टी रिकामी राहते. तेही बरं नाही.”

“समजलं. लाल म्हणजे वेगमर्यादा. हिरवं म्हणजे स्टँड. वेळेत पोचायचंच.”

देस्पिना हसली. “पण स्टँड सोडून पुढच्या गावी जायचं नाही हं, काका.”

हे शेवटचं वाक्य लाम्ब्रोसने ऐकलं की नाही, कोण जाणे. पुढचे दोन महिने तो कॉफीच्या दुकानात येईल त्याला सांगत सुटला की डॉक्टरांनी आपल्याला तेल लिहून दिलंय. तेलाच्या घाण्याचा मालक मिचोस त्याला म्हणाला, “अरे, माझ्या बापाला कुणी असं लिहून दिलं असतं तर तो अजून जिवंत असता.” लाम्ब्रोसला ते इतकं आवडलं की ते त्याने घरी येऊन अर्गिरोला दोनदा ऐकवलं.

आता ऑक्टोबर लागला होता. भेंडी टेबलावर आली, वर तेलाचा लाल तवंग घेऊन. मधोमध टोमॅटो-काकडीची बशी. लाम्ब्रोसने पाव मोडला. अर्गिरो समोर बसली ती तिच्या उकडलेल्या रानभाजीची वाटी घेऊन. भाजीवर लिंबू पिळलेलं.

“पुन्हा तेच गवत?”

“पोट जड आहे रे. आणि भेंडी चाखून चाखूनच भरले मी.”

“चाखून कुणी भरतं का?”

“बायका भरतात. तू जेव, निवतंय.”

तो जेवला. भेंडी खाल्ली, कोशिंबीर खाल्ली, शेवटी पावाने बशीचा तळ पुसला, तिच्या बाजूचासुद्धा, कारण ती म्हणाली, पूस, वाया कशाला घालवायचं. रात्री बाटली काट्यावर चढली. वजा एक चमचा, भागिले दोन. हिरवी पट्टी रेघेच्या जरा अलीकडेच थांबलेली पाहून त्याने स्वतःशीच ठरवलं की उद्या थोडं जास्त खायला हवं.

तपासणीच्या दिवशी दोघं बसने कालामाताला गेली. ड्रायव्हर नवा होता, वळणावर ब्रेक उशिरा दाबत होता. लाम्ब्रोसचा उजवा पाय वाटभर आपोआप दाबला जात होता आणि अर्गिरो त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प बसवत होती. इस्पितळात ती बाहेर बाकावर बसली. “तू जा आत. मला त्या औषधांच्या वासाने मळमळतं,” म्हणाली.

देस्पिनाने रक्ताचा कागद पाहिला. “कोलेस्टेरॉल छान आहे, काका. चला, वजन बघू.”

काटा बघून तिने भुवया उंचावल्या. मग त्याचा फोन घेतला आणि महिन्यांमागून महिने बोटाने सरकवत राहिली.

“काका, फोन म्हणतोय तुम्ही बारीक व्हायला हवं होतं. तुम्ही चांगले पाच किलोंनी वाढलायत. काही लपवून खाता का?”

“आईशप्पथ, नाही! पावाचा तुकडासुद्धा लिहितो.”

“मग तेल कसं लिहिता?”

लाम्ब्रोसला हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी कधीची इच्छा होती. त्याने बाटली, काटा, दिवा, भागिले दोन, सगळं रंगवून सांगितलं. देस्पिनाने हातातलं पेन खाली ठेवलं.

“डोकं चांगलं लढवलंत. पण अर्धं काकू खातात कशावरून?”

“म्हणजे? एकाच बशीत जेवतो आम्ही.”

“एका बशीत जेवता, पण खातं कोण? तुमच्या वजनाकडे बघून मला तरी वाटतंय, दोघांचं तेल तुम्ही एकटेच खाताय.” तिने हे हसतच म्हटलं, आणि म्हणताना तिची नजर दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकाकडे गेली. तिचं हसू मावळलं. “काका, काकू आजारी आहेत का?”

लाम्ब्रोसने वळून पाहिलं. बाकावर अर्गिरो बसली होती, मांडीवर पिशवी धरून. फेब्रुवारीत याच बाकावर बसली होती तेव्हा हाच कोट तिच्या अंगाला तटतटून बसत होता. आता कोटाच्या कॉलरमधून तिची मान एखाद्या पोरीच्या मानेसारखी बारीक दिसत होती, आणि स्कर्टच्या कमरेला बाजूने सेफ्टी पिन लावलेली होती. रोज समोर बसणारी बाई. बाटलीचं वजन त्याने एक दिवस चुकवलं नव्हतं, आणि ही अर्धी झाली तरी त्याला पत्ता नव्हता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“त्यांना एकदा आमच्या डॉक्टरांना दाखवा,” देस्पिना हळू आवाजात म्हणाली.

परतीच्या बसमध्ये त्याने काहीच विचारलं नाही. विचारलं आणि तिने खरंच काही सांगितलं तर? त्याच्या आईलाही शेवटी शेवटी जेवण जात नव्हतं. तीही म्हणायची, चाखून भरले.

पुढचे आठ-दहा दिवस तो पोलिसासारखा जेवला. अर्गिरोच्या प्रत्येक घासावर त्याचं लक्ष होतं. तिचा काटा बशीत यायचा, वरवरचा टोमॅटो उचलायचा, आणि तो टोमॅटो त्याच्याच ताटात पडायचा. “घे, हा गोड आहे.” पाव ती कोरडा खायची. वाल शिजवले की त्यात तेल पडायच्या आधीच तिची वाटी बाजूला निघालेली असायची. मासा त्याच्यासाठी तेलात आणि तिच्यासाठी नुसता निखाऱ्यावर. हे सगळं ती इतक्या सहज करत होती की कुणाच्या डोळ्यांत येऊ नये.

एकदा त्याने पावाच्या तुकड्याने बशीतल्या तेलात मधोमध रेघ ओढली. “हे तुझं.”

“आणि हे काय नवीन?”

“अर्धं तुझं. फोनमध्ये तसंच लिहितो मी.”

“मग लिही की! मी कुठे नाही म्हणते?”

“खा आधी.”

“वय झालं रे लाम्ब्रोस. नको वाटतं. तू उगीच डोकं पिकवू नकोस.” असं म्हणून ती उठली आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागली.

त्या संध्याकाळी त्याने फोनमध्ये तिच्या नावाने नवीन खातं उघडलं. वय, उंची, आणि अंदाजाने वजन. दिवसभरात तिने खाल्लेलं, म्हणजे रानभाजी, पाव, लिंबू, एक सफरचंद आणि मूठभर वाल, सगळं आठवून भरलं. लाल पट्टी जवळजवळ रिकामी. हिरवीसुद्धा जवळजवळ रिकामी. तो त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसला. आजारी आहे आणि सांगत नाही, असा त्याने मनाशी निकाल लावला. छातीत धडधडलं तेव्हा त्याने चटकन जिभेखाली गोळी ठेवली आणि तिला हाक मारली नाही.

महिनाअखेरीस फळं उतरवायला सुरुवात झाली. गावाबाहेरच्या उतारावरची ती झाडं अर्गिरोची, बापाने लग्नात तिच्या नावावर करून दिलेली. पहिल्या दिवशीची पोती मिचोसच्या घाण्यावर नेली, आणि नेहमीप्रमाणे अर्धा गाव तिथे जमला. वर्षाचं पहिलं तेल येतं तेव्हा घाण्याच्या आतल्या शेगडीवर जाडजाड पाव भाजतात, नळातून पडणाऱ्या हिरव्यागार तेलाखाली धरतात, वर मीठ भुरभुरतात. पहिला तुकडा ज्याची झाडं त्याचा. झाडांचा मालक खाऊन ‘छान’ म्हणेल तेव्हा बाकीच्यांनी हात पुढे करायचा.

“अर्गिरो, ये! यंदा तुझं तेल बघ कसं तिखट आलंय!” मिचोसने तेलाने निथळणारा पाव तिच्या हातात दिला.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. ओठांपर्यंत नेला. डोळे मिटून वास घेतला, इतका लांब की बघणारे हसायला लागले. आणि मग तिने तो पाव तसाच लाम्ब्रोससमोर धरला.

“तू खा. माझी दाढ ठणकतेय.”

“दाढ?” मिचोसची बायको म्हणाली. “अगं, दुसऱ्या बाजूने चाव!”

“दोन्ही बाजूंनी ठणकतेय.”

सगळे हसले. लाम्ब्रोस हसला नाही. लहान पोर होती तेव्हापासून या तेलाचा पहिला तुकडा हिच्या तोंडात गेलेला होता. फोतिनीच्या वेळी पोटुशी असताना कशाचाही वास सहन होत नव्हता, तेव्हासुद्धा हा तुकडा तिने सोडला नव्हता. त्याने तो पाव मिचोसच्या हातात कोंबला, तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर पोत्यांच्या थप्पीमागे नेलं.

“बोल. कुठे दुखतंय?”

“म्हटलं ना, दाढ.”

“अर्गिरो, मी मूर्ख आहे, पण एवढाही नाही. तुला काय झालंय? डॉक्टरकडे गेली होतीस का मला न सांगता? काय म्हणाला तो? खरं काय ते सांग. मला फेब्रुवारीत जगवलं ते तुझ्यामागे एकटं राहायला?”

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस खरंच घाबरलाय.

“अरे वेड्या, आजारी नाहीये मी. मी नवस बोललेय.”

“कसला नवस?”

“तेलाचा.” तिने पदराशी खेळावं तशी शालीची कड बोटांत गुंडाळली. “तुला आत नेलं ना, तेव्हा त्या बाकावर बसले होते मी. लोक काय काय बोलतात. कुणी सोन्याची बांगडी वाहतं, कुणी तीनोस बेटावरच्या देवळापर्यंत गुडघ्यावर जातं. माझे गुडघे तर तुला माहितीयत. आणि बांगड्या फोतिनीच्या लग्नातच दिल्या. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काय होतं? म्हटलं, मरियामाते, याला परत दे. मी जन्मात पुन्हा तेल तोंडात घालणार नाही.”

लाम्ब्रोस पोत्यावर टेकला.

“ईस्टरच्या आधीच्या उपासात कुणाच्या लक्षात आलं नाही,” ती सांगत राहिली. “तेव्हा तसंही कुणी तेल खात नाही. ईस्टरनंतर जरा जड गेलं. मग जमलं.”

“मला विचारलंस तरी का गं?”

“कुणाला विचारू? तू टेबलावर उताणा पडला होतास.”

“नंतर सांगायचंस!”

“नंतर सांगितलं तर ती फुशारकी झाली. आणि तू खाल्लं असतंस का मग? तो फोन घेऊन माझ्यामागे लागला असतास.”

त्याला राग आला होता, हसू आलं होतं आणि रडूही येत होतं, आणि यांतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “मग मीही सोडतो. आजपासून मीसुद्धा तेल खाणार नाही.”

अर्गिरो अशी उसळली की पोत्यांवरची मांजर पळाली.

“खबरदार! मी सोडलं ते कशासाठी? तू खावंस म्हणूनच ना? तू जेवतोस ते बघून माझं पोट भरतं. तू उपाशी राहिलास तर माझं सगळं पाण्यात जाईल. पुन्हा हे तोंडातून काढलंस ना, तर बघ!”

आत लोक ओरडत होते, मालकिणीने अजून सांगितलं नाही, तेल कसं आहे म्हणून. ती डोळे पुसून आत गेली आणि हात उंचावून म्हणाली, “छान आहे! खा सगळे!”

शुक्रवारी लाम्ब्रोस पापा-याकोवोसच्या घरी गेला. हा गावचा धर्मगुरू, त्याच्याच वयाचा, शाळेत त्याच्याच बाकावर बसलेला. इथले धर्मगुरू लग्न करतात; त्याची बायको लेकीकडे गेली होती आणि फादर एकटाच जेवायला बसत होता. लाम्ब्रोसने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“फादर, सोडव तिला. तू मंत्र म्हण, शिक्का मार, काय करायचं ते कर.”

“बस आधी. सोडवता येतं. नवस माणसाला मारायला नसतो, आणि चर्चला तेवढी समज आहे. पण तिने यायला हवं, तिने मागायला हवं. तुझ्या सांगण्यावरून तिचा शब्द मी कसा मोडू?”

“ती येणार नाही. काल विचारलं. म्हणते, मरियामातेने तिच्या बाजूने पुरतं माप घातलं, तू जिवंत आहेस. आता मी माझ्या बाजूने माप मारू का?”

पापा-याकोवोसने दाढीवरून हात फिरवला. “मग तिचं बरोबर आहे रे,” तो म्हणाला. “मला असं बोलता आलं असतं तर रविवारी लोक झोपले नसते. ये, घास खा माझ्याबरोबर. शुक्रवारचा उपास आहे, तेलाचं काही नाही.”

टेबलावर पाव होता, उकडलेले बटाटे होते, तिळाची पातळ चटणी होती. एका वाटीत काळीभोर खारवलेली ऑलिव्ह होती आणि एका बशीत अक्रोड. लाम्ब्रोसने सवयीने फोन काढला. ऑलिव्ह, दहा. पट्टी हलली. त्याला वाटलं, चुकीची पट्टी असेल. चष्मा खाली घेतला. हिरवीच होती. अक्रोड, मूठभर. हिरवी पट्टी टुणकन पुढे गेली. तीळ, दोन चमचे. अजून पुढे.

“फादर,” तो हळूच म्हणाला, “उपासाला तेल चालत नाही, मग ऑलिव्ह कशी चालतात? तेल त्यांच्यातच असतं ना?”

“हे मी सेमिनरीत धर्मगुरूचं शिक्षण घेताना विचारलं होतं.”

“मग?”

“शिक्षक म्हणाले, याकोवोस, जेव आणि गप्प बस.”

“म्हणजे नवस तेलाचा असेल तर ऑलिव्ह खाल्ल्याने मोडत नाही?”

“उपास मोडत नाही, तर नवस कसा मोडेल?” फादरने अक्रोडाची सगळी बशी त्याच्यापुढे सरकवली. “घेऊन जा हे. आणि लाम्ब्रोस, तिला माझं नाव सांग. तुझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही.”

जन्मात लाम्ब्रोसने स्वयंपाकघरात पाणी तापवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शनिवारी दुपारी अर्गिरो देऊळ झाडून परत आली तेव्हा तो खलबत्ता मांडीत घेऊन बसला होता आणि जमिनीवर टरफलांचा सडा पडला होता. रानभाजी त्याने उकडली होती, जरा जास्तच. तिच्यावर कुटलेले अक्रोड, तिळाची चटणी, लिंबू. एका बाजूला बिया काढलेली ऑलिव्ह. बिया काढताना त्याचं बोट कापलं होतं आणि त्याला फडक्याची चिंधी बांधलेली होती.

“हे कुणी केलं?”

“बस. जेव.”

ती काटा न उचलता वाटीत डोकावली. “यात काय आहे?”

“तेलाचा थेंब नाही. पापा-याकोवोसला विचार. शुक्रवारी तो स्वतः हेच जेवतो.”

तिने वास घेतला. एक घास घेतला. चावत असताना ती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्याने वाढलेलं ती आज पहिल्यांदा खात होती. दुसरा घास तिने मोठा घेतला, तिसरा त्याहून मोठा, आणि मग ती भूक लागलेल्या माणसासारखी जेवायला लागली, मान खाली घालून. लाम्ब्रोसने तोंड फिरवलं आणि उगीचच खिडकीबाहेर बघत बसला, कारण तिची भूक त्याला बघवेना.

“मीठ कमी आहे,” ती शेवटी म्हणाली.

“उद्या घालीन.”

“उद्या पण करणार?”

“रोज. तुझी हिरवी रेघ भरेपर्यंत. आज अर्ध्याच्या वर गेलीस, दाखवू?”

“नको दाखवू. आणि भाजी इतकी उकडायची नसते.”

त्याने आणखी दोन अक्रोड फोडले आणि गर तिच्या ताटात ठेवला. मधल्या बशीत त्याची कोशिंबीर होती, तिच्यावर नवं तेल. आता त्याला भागायचं काही कारण नव्हतं. त्याने आपलं तेल चमच्याने मोजून घेतलं होतं आणि बाटली बंद करून फळीवर ठेवली होती. त्याने पाव मोडला, तेलात बुडवला आणि तोंडात घातला.

अर्गिरो अक्रोड चावायची थांबली.

“कसं आहे रे यंदाचं?”

“चांगलं आहे.”

“चांगलं म्हणजे? माझ्या झाडांचं आहे, नीट सांग.”

लाम्ब्रोस गोंधळला. चवीबद्दल तो आयुष्यात कधी चार शब्द बोलला नव्हता. जेवण चांगलं किंवा खारट, एवढंच त्याला माहीत. त्याने डोळे मिटले.

“आधी कडू लागतं. जिभेच्या कडेला. कच्च्या बदामासारखं.”

“हं.”

“मग गवत. मेच्या सुरुवातीला कापतो ना, तसलं. ओलं.”

“आणि घशात?” तिनेही डोळे मिटले होते. “घशात खवखवतं का? वरच्या बांधावरच्या झाडांचं खवखवतं.”

“खवखवतं.”

“किती? एक ठसका येण्याइतकं, का दोन?”

“थांब हं,” तो म्हणाला, आणि तिला नीट सांगता यावं म्हणून त्याने पावाचा आणखी एक तुकडा तेलात बुडवला.